वरचे वीस किलो

"वजन किती तुमचं?" सायकलवालीने विचारलं, आणि वहिनींनी छताकडे बघितलं.

प्रश्न साधा होता. विचारणारी हातात टायर घेऊन उभी होती, चेहऱ्यावर ना हसू ना कुतूहल. पण शेजारी नणंदबाई उभ्या होत्या. त्यांच्या सायकलला हवा भरताना त्यांनाही आत्ताच हाच प्रश्न विचारला गेला होता आणि "बासष्ट!" असं त्यांनी बाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं होतं. नणंदबाई आहारतज्ज्ञ होत्या. 'वजन ही लपवायची गोष्ट नाही' असं त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. घरी ती भिंत नव्हती, म्हणून तिथे त्या ते तोंडी म्हणत.

"अठ्ठ्याहत्तर," वहिनी म्हणाल्या.

नणंदबाईंची डावी भुवई वर गेली ती खाली येईना. सायकलवालीने वहिनींना केसांपासून चपलांपर्यंत एकदा न्याहाळलं आणि "बरं," एवढंच म्हणाली.

तसं पाहिलं तर दुसऱ्यांचं खोटं सांभाळून घेण्यात वहिनींचा जन्म गेला होता. त्या शिवणकाम करत. कमरेला फीत लावली की भल्याभल्या बायका श्वास आत ओढून छताकडे बघत उभ्या राहतात, हे त्यांना पाठ होतं. वहिनी कधी कुणाला टोकत नसत. फितीवर येईल ते माप मोठ्याने म्हणायचं आणि कापड कापताना गुपचूप दोन बोटं जास्त धरायची. कपडा अंगाला बेताचा बसे, बाई आरशासमोर गिरकी घेई, आणि म्हणे, "बघा, मी आहे तेवढीच आहे!"

आपल्यावर मात्र कधी असं छताकडे बघायची वेळ येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

सायकलवालीने रुंद, जाड कडांचे टायर काढले. "तुम्हाला हे. दगडाधोंड्यांतून जाताना माणूस वजनदार असेल तर टायर रुंद हवा, अंगाने भक्कम हवा. हवा कमी पडली तर दगड आणि लोखंडी रिंग यांच्यात ट्यूब चिमटते नि फुटते. जास्त झाली तर टायर दगडाला धरत नाही, चेंडूसारखा उडतो. मी बरोबर भरून देते. पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त. आता हिला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," वहिनी म्हणाल्या. हे दुसरं खोटं. पण तेव्हा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ही सायकल परगावच्या मुलाने आईच्या साठीला पाठवली होती. शिवणाच्या खोलीत मशीन आणि कपाट यांच्यामध्ये ती उभी राहिली तेव्हा घरात सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. लहानपणी थोरल्या भावाच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून त्या सायकल शिकल्या होत्या. दोन्ही गुडघे फोडून घेतले होते. जेमतेम तोल यायला लागला आणि भाऊ शिकायला दुसऱ्या गावी गेला. सायकल त्याच्याबरोबर गेली. "मुलीला काय करायचीय सायकल?" असं तेव्हा कुणी म्हणालंसुद्धा नाही, म्हणायची गरजच पडली नाही. सायकल टांग्याला बांधून गेली, आणि वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. पुढे चाळीस-पन्नास वर्षांत त्यांना बाकी पुष्कळ मिळालं, सायकल मिळाली नाही.

आणि आता ही दुसरीही जायला निघाली होती. कारण नणंदबाई एके दिवशी जेवताना म्हणाल्या होत्या, "वहिनी, राग मानू नकोस, पण डोंगरातली सायकल अशी कपाटाशेजारी धूळ खात ठेवायची म्हणजे पाप आहे. माझ्या मुलीला दे."

"मी चालवणार आहे," वहिनी म्हणाल्या.

"कुठे? मशीनभोवती?"

शब्दाने शब्द वाढला आणि ठरलं ते असं: रविवारी टेकडीवर जायचं. वरच्या पाण्याच्या टाकीपासून खालच्या फाटकापर्यंत वहिनींनी सायकलवरून उतरायचं. वाटेत कुठेही जमिनीला पाय टेकला नाही, तर सायकल वहिनींची. टेकला, तर भाचीची. नणंदबाई मागून स्वतःच्या सायकलवर येणार, नजर ठेवायला. यजमान मध्ये पडले नाहीत. बहीण एकीकडे नि बायको दुसरीकडे असली की त्यांना वर्तमानपत्रात फार महत्त्वाची बातमी सापडत असे.

दुकानातून घरी आल्यावर वहिनींचं शिवणात लक्ष लागेना. एका बाहीला त्यांनी उलटी बाजू लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. चोराच्या मनात चांदणं! आपण वीस किलो चोरले. म्हणजे हवा वीस किलोने कमी. म्हणजे पहिल्या मोठ्या दगडावर ट्यूब चिमटणार, फुटणार, आपण पडणार, आणि भाची सायकल घेऊन जाणार. दुकानात फोन करावा, तर काय सांगावं? "मघाशी विसरले होते, आठवलं आता"?

दुपारी घर शांत झाल्यावर त्यांनी मोटारीचा जुना पायपंप काढला. त्याचा काटा केव्हाच निखळून गेला होता. वहिनींनी अंदाजाने पंप मारला. वीस किलोंना किती हवा लागते याचा अंदाज त्यांना नव्हता, पण शिवणात कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, हे तत्त्व होतंच. पंप पुसून त्यांनी कपाटाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी पंप कपाटाखाली नव्हता, दाराशी होता. वहिनींना जरा नवल वाटलं. त्याच्या पुढच्या दिवशी तो सासूबाईंच्या खुर्चीजवळ होता. पण गिऱ्हाइकाच्या लग्नाचे कपडे अर्धवट होते. पंपाचा माग काढत बसायला कुणाला वेळ होता?

रविवारी सकाळी सगळं घर टेकडीवर. सासूबाईंनी घडीची खुर्ची उतारावरच्या सर्वांत वाईट वळणावर मांडायला लावली.

"आई, इथे का? फाटकाजवळ सावली आहे," यजमान म्हणाले.

"सावलीला काय करू? पडली तर इथेच पडेल. मला नीट दिसायला नको?"

वहिनी टाकीपाशी पोचल्या तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं, पण पोचल्या होत्या. खाली वाट दिसत होती: आधी मुरूम, मग दगड, मग ते वळण. नणंदबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अजून वेळ गेलेली नाही, वहिनी. हाडं मोडून घेण्यापेक्षा—"

"वन्सं, बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या, आणि निघाल्या.

मुरमावर पहिल्या क्षणालाच त्यांना कळलं की काहीतरी चुकतंय. सायकल जमिनीला धरतच नव्हती. खड्यांवरून ती अशी घसरत होती की जणू कुणी खाली मूग पसरले होते. दगड सुरू झाले आणि मग तर विचारूच नका. प्रत्येक दगडावर सायकल टण्णकन उडायची, वहिनी तिच्याहून थोड्या जास्त उडायच्या, आणि खाली येताना दोघींची भेट होईलच अशी खात्री नसायची. दात वाजत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. ब्रेक दाबावा तर मागचं चाक पुढे यायला बघे. हात बधिर झाले, तरी पाय पायडलवरून हलले नाहीत. टांगा दिसत होता डोळ्यांपुढे, सायकल बांधलेला.

वळण आलं. पुढचं चाक एका धोंड्यावर आपटून हवेतच फिरलं. वहिनींनी डोळे मिटले, हात पसरले, आणि हाताला जे लागलं त्याला मिठी मारली.

ते झाड होतं.

"पडली!" सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"नाही पडले!" झाडामागून आवाज आला. "पाय बघा माझे! दोन्ही पायडलवर आहेत!"

खरंच होते. वहिनी सायकलवर बसलेल्या, दोन्ही हातांनी खोडाला कवटाळलेलं, गाल सालीला टेकलेला. यजमान धावत आले आणि त्यांनी सीट धरली.

तेवढ्यात वरून "अगं बाई, अगं बाई, अगं बाई!" असा आवाज जवळ जवळ येत गेला, आणि नणंदबाई सायकलसकट घसरत येऊन झुडपात बसल्या. त्यांनी एक पाय टेकला होता, दुसरा टेकला होता, आणि आणखीही बरंच काही टेकलं होतं. पण उठता उठता त्या ओरडल्या, "दादा, सीट सोड! धरायचं ठरलेलं नाही!"

यजमानांनी सीट सोडली. सायकल डुगडुगली. वहिनींनी झाड आणखी घट्ट आवळलं.

"अहो, ही सायकल उडतेय. टायरचं काहीतरी झालंय. सायकलवालीला फोन लावा."

फोन लागला. यजमानांना त्यातलं काही समजेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोनचा आवाज मोठा केला. वहिनींनी डोळ्यांनी नको नको म्हणून सांगितलं, पण त्यांचा एकच डोळा दिसत होता, दुसरा झाडाला चिकटला होता.

"हात लावला का हवेला?" सायकलवालीने पहिलाच प्रश्न टाकला.

वहिनींनी तो दिसणारा डोळाही मिटून घेतला.

"लावला असणार. किती वाढवली? आणि का?"

आता झाड सोडलं तर सायकल जाणार, आणि झाड धरून बसलं तर उत्तर द्यावं लागणार. वर नणंदबाई अंगावरची पानं झटकत कान टवकारून उभ्या. सासूबाई दोन पावलं पुढे आलेल्या. झुडपात आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक अजून किरकिरत फिरत होतं.

"ते मी... तुम्हाला अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतं ना..."

"हो."

वहिनींनी श्वास आत ओढला, सवयीने वर पाहिलं. तिथे छत नव्हतं, नुसतं आभाळ होतं. "अठ्ठ्याण्णव आहे," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. पलीकडून सायकलवाली शांतपणे म्हणाली, "मग बरोबरच होतं. मी अठ्ठ्याण्णवचीच हवा भरली होती."

"म्हणजे?"

"बाई, लोक सांगतात त्यात मी वीस किलो नेहमी वरचे धरते. वजन आजवर कुणी खरं सांगितलंय का मला? पण तुम्ही एकट्याने वाढवून सायकल अशी उडायची नाही. आणखी कुणी?"

यजमान खाकरले. "मीसुद्धा थोडी मारली. धाकटी म्हणाली, अठ्ठ्याहत्तर सांगितलं म्हणून. मला वाटलं, कमी पडेल. पडलीबिडली असती म्हणजे?"

वहिनींनी झाडामागून त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात इतका गोड अपराध त्यांनी पहिल्यांदाच केला होता.

"आणि आई, पंप तुमच्या खुर्चीशी होता..." वहिनींना आठवलं.

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "मी अंगठ्याने दाबून बघितलं. आमच्याकडे टायर दाबला की अंगठा दुखला पाहिजे, तर हवा बरोबर. दुखेना नीट. मशीनला धरून उभी राहिले आणि मारला पंप. डॉक्टरांनी पायाला व्यायाम सांगितलाच आहे."

"तीन तिघाडा, काम बिघाडा," सायकलवाली म्हणाली.

"एक मिनिट!" नणंदबाईंनी फोन हिसकावला. "तुम्ही सगळ्यांचेच वीस धरता? माझेसुद्धा?"

"हो."

"मी खरं सांगितलं होतं!"

"वजन?" सायकलवालीने हळूच विचारलं. "खरं?"

"बासष्ट म्हणजे बासष्ट!"

"अरे देवा. माफ करा हो. असं गिऱ्हाईक असतं हे मला माहीत नव्हतं."

नणंदबाईंच्या पिशवीत हवा मोजायचं छोटं यंत्र होतं. त्या मोजल्याशिवाय काहीच करत नसत. वहिनींच्या टायरला लावलं तर काटा पन्नासाच्याही पुढे. यजमानांनी वहिनींच्या केसातली पिन घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडात दाबली. हवा फुसफुसत सुटली, तशा वहिनी झाडावरून इंचाइंचाने खाली आल्या.

"मागे तीस, पुढे सत्तावीस," फोनमधून आज्ञा आली. नणंदबाई गुडघे टेकून काटा वाचत होत्या. चुकीचा आकडा सांगितला असता तर सायकल त्यांच्या घरी गेली असती. पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. "अजून थोडी... बास. दादा, बास म्हटलं ना!"

वहिनींनी झाडाची मिठी सोडली.

आता टायर दगडाला धरत होता. सायकल धोंड्यावर चढली, दबली, उतरली. जशी जुनी माहितीची पायरी उतरावी तशी. वहिनी फाटकातून बाहेर पडल्या आणि थांबल्या नाहीत. रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या, वळून आल्या, आणि मग कुठे पाय टेकला.

"फाटकापर्यंतच ठरलं होतं," नणंदबाई धापा टाकत म्हणाल्या. मग केसातलं एक पान काढून म्हणाल्या, "तुझीच आहे सायकल. आणि आता मुलीला तसलीच सायकल घ्यायला हवी."

आठवड्याने नणंदबाई कापड घेऊन शिवणाच्या खोलीत आल्या. सायकल कपाटाशेजारी उभी होती, चाकांना मुरूम लागलेला.

"ड्रेस शिवायचाय. आणि हे बघ वहिनी, अगदी मापात हवा. उगीच सैल ठेवायचं नाही. माझ्याकडे लपवाछपवी नसते."

"बरं, वन्सं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फीत नणंदबाईंच्या कमरेला लावली.

नणंदबाईंनी हळूच श्वास आत ओढला आणि छताकडे बघितलं.

वहिनींनी फितीवरचा आकडा मोठ्याने म्हटला. आणि कापड कापायला घेतलं तेव्हा काही न बोलता दोन बोटं जास्त धरली.