फॅट दोन पॉइंट एक

सोयऱ्याच्या घरी चहा टाकला की आमचे आप्पा आधी दुधाचं पातेलं मागवतात. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली काचेची नळी असते, लॅक्टोमीटर. ती पातेल्यात सोडायची, वाकून आकडा वाचायचा आणि घरच्या बाईला विचारायचं, "पानी हाय. किती घातलंय ते सांगू का?" मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. माझ्या आईनं दहा वर्षं दूध घालणाऱ्या गवळ्याला दुसऱ्याच दिवशी बंद केलं. मुलगी पसंत आहे हे सांगायचं मात्र राहून गेलं, ते चार दिवसांनी फोनवर कळवलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. डोंगरकडा गावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दूध संकलन केंद्र आहे. तिथं आता फॅट दाखवणारं मशीन आहे, आणि मशीन आल्यापासून आप्पांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "मानूस खोटं बोलंल, मशीन खोटं बोलत न्हाई." या धंद्यातली जुनी माणसं अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून दूध पातळ की दाट ते सांगतात. आप्पा तसं कधी करत नाहीत. उलट डाव्या अंगठ्याचं नख ते रोज सकाळी ब्लेडनं पार मुळापर्यंत कापतात, कधी रक्त येईस्तोवर. मला वाटायचं, स्वच्छतेचं वेड असेल.

माझ्याशी आप्पा बोलत नाहीत. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलू नये, हा त्यांचा नेम. मुलगा होईपर्यंत ते दाराकडे तोंड करून दारालाच सांगायचे. मुलगा झाल्यावर त्यांना हक्काचा निरोप्या मिळाला. "बाळ्या, तुझ्या मायला सांग, पावसाचं लक्षण हाय, कपडे काढ म्हनावं." बाळ्या तेव्हा सहा दिवसांचा होता.

मी बाळापूरच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि शाळेनं विचारलं, येताय की दुसरी बाई बघू? नवऱ्यानं ऑनलाइन पंप मागवला, आईचं दूध काढायचा, हातानं दाबायचा. खोकं उघडलं आणि घरात जणू साप निघाला. शेजारणी बघायला आल्या. "आमी का पंपावर वाढवले लेकरं?" असं प्रत्येकीनं विचारलं. मी आठ तास घराबाहेर असताना बाळानं काय प्यावं, हे एकीनंही सांगितलं नाही.

आप्पा ओट्यावरून बाळाला म्हणाले, "बाळ्या, मशीननं म्हशी पिळतेत. मायला कोनी मशीन लावतं का?" दिवसभर मशीनची आरती ओवाळणारा माणूस हे म्हणत होता.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं तेवढं सरळ सांगितलं. "घरी ऱ्हाशील तर पंपाची काही गरज न्हाई, लेकरू हाच पंप. हातानं बी काढता येतं. पन आठ तास दूर ऱ्हाशील तर दुपारी काढावंच लागंल, न्हाई तर गाठी व्हतील अन् दूध आटंल. अन् पहिलं दूध पातळ दिसतं म्हनून घाबरू नको, दाट मागून येतं."

मग मी शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या अडगळीत, मोडक्या सांगाड्याच्या समोर बसून दूध काढू लागले. काढायला बसले की दोन वेळा दार वाजायचं, आणि सांगाड्याशिवाय माझ्याकडे कुणी नीट बघत नव्हतं. त्या दुपारच्या दुधाचं घरी येईपर्यंत उन्हानं दही व्हायचं, ते फेकताना मी रडायचे. म्हणून पहाटे उठून घरी एक बाटली काढून फ्रिजमध्ये ठेवू लागले. ती बाळाला अर्धा दिवस पुरायची. उरलेला अर्धा दिवस सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन फिरायच्या, आणि ते रडायचं.

पंपासोबत बाटली एकच आली होती. सासूबाईंनी केंद्रातल्या नमुन्याच्या कोऱ्या बाटल्या उकळून दिल्या. वर दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येक बाटलीला काजळाचा ठिपका लावला. मी हसले. त्या म्हणाल्या, "हसू नगं. दुधाला नजर पयली लागती."

आता आप्पांची पद्धत अशी, की एखाद्याच्या दुधाचा वाद झाला की नमुना बाटलीत भरायचा, बाटलीला काळा ठिपका द्यायचा, आणि तो आमच्याच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पुन्हा तपासायचा.

त्या सोमवारी सटवाजी नावाच्या शेतकऱ्याचा वाद होता. आप्पांनी फ्रिजमधून काळ्या ठिपक्याची बाटली उचलली आणि मशीनला लावली. मी शाळेसाठी साडी नेसत होते, आवाज आतपर्यंत आला. "फॅट दोन पॉइंट एक! सटवाजी, लेका, दुधात पानी घातलं का पान्यात दूध? उद्यापासून येऊ नगं!" सटवाजी म्हसोबाची शपथ घेत होता. मी फ्रिज उघडला. सटवाजीची बाटली जागेवर होती. माझी नव्हती.

मी पुढच्या खोलीत गेले. रांगेत वीस-पंचवीस माणसं, हातात कॅन. मी पदर सावरत फक्त एवढंच म्हणाले, "ती बाळाची बाटली आहे."

आप्पांनी मशीनकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि खाली बसले. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "तरीच म्हनलं, लेकरू काहून रडून राहिलं दिसभर."

संध्याकाळी मी शाळेतून परत येईपर्यंत गावभर झालं होतं, मास्तरीणबाईच्या दुधात पाणी आहे. एक जण अळिवाचे लाडू घेऊन आली, एक शतावरी. सटवाजीच्या बायकोनं तर माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला, जणू आम्ही दोघी एकाच गुन्ह्यात सापडलो होतो. मी विज्ञान शिकवते. मशीन म्हशीच्या आणि गाईच्या मापानं बनवलेलं असतं, हे मला कळतं. तरी त्या दिवशी बाळाला पाजायला घेतलं तेव्हा मला लाज वाटली. स्वतःच्या दुधाची लाज. त्याबद्दल मी गावाला अजून माफ केलेलं नाही.

पंप खोक्यात घातला आणि मोठ्यानं म्हणाले, "उद्यापासून म्हशीचंच द्या त्याला. चांगलं सात फॅटचं."

ओट्यावरून आप्पा आत आले. चुलीपर्यंत कधी न येणारा माणूस. पाळण्याशी उभे राहिले. "बाळ्या, तुझ्या मायला सांग. म्हशीचं देऊ नगं म्हनावं."

"का?" मी थेट त्यांनाच विचारलं.

आप्पा बाहेर गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या, त्या थांबल्या नाहीत. थापता थापताच त्यांनी सांगितलं.

माझ्या नवऱ्याच्या जन्माआधी त्यांना एक मुलगी झाली होती, रुक्मी. अडीच महिन्यांची. फार रडायची. आप्पा तेव्हा तरणे होते, नुकतेच दुधाच्या धंद्यात पडलेले. त्यांनी बायकोच्या दुधाचा थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घेतला. थेंब घरंगळला. पातळ हाय म्हणाले. आईचं बंद केलं, म्हशीचं सुरू केलं, तेही गावातलं सगळ्यात दाट निवडून. पोरीला जुलाब लागले, आठ दिवस टिकली.

"अन् माझं दूध तिच्या मागं पंधरा दिस येऊन राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "मी परसात जाऊन मातीत पिळायची." मग तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी पंप शाळेत नेला. दुपारच्या सुट्टीत शिपाई सांगायला आला, फाटकाशी कुणी म्हातारबा उभे आहेत. बाटली नुकतीच भरली होती, ती तशीच पदराआड घेऊन मी गेले. आप्पा होते. मोटारसायकलला केंद्रातला सगळ्यात लहान कॅन बांधलेला, त्यात बर्फ. माझी चाहूल लागताच त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि हात मागं केला.

मी बाटली हातात दिली. तिला मी काजळ लावलं नव्हतं. त्यांनी ती रुमालात गुंडाळली. लॅक्टोमीटरचाच तो रुमाल, खिसा रिकामा होता. मग बर्फात ठेवून झाकण लावलं. काहीतरी बोलायचं होतं, पण निरोप द्यायला बाळ्या तिथं नव्हता. मग मान न वळवताच म्हणाले,

"मशीन म्हशीचं हाय, पोरी. त्याला मायचं कळत न्हाई."

मी हो म्हणाले. त्यांनी कॅनवर हात ठेवला. अंगठ्यावर आजही ताजं रक्त होतं.

"रुक्मीच्या मायचं पातळ नव्हतं," आप्पा म्हणाले, आणि गाडीला किक मारली.