बुरुलचा नान

“चावलेला नान पालथा ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, आणि ज्यानं चावला त्याच्याशिवाय कुणी त्याला तोंड लावायचं नाही.”

सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा झूराकान नवी नवरी होती. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण घरातलं कुणी लांब निघालं की झूराकानला तो आवाज हटकून ऐकू येई. निघणाऱ्यानं नानाचा एक घास चावायचा, उरलेला नान घरच्यांनी टांगून ठेवायचा, आणि परत आल्यावर ज्याचा त्यानं तो संपवायचा. यात कसूर नाही.

किर्गिझस्तानात लेनिन शिखराच्या पायथ्याशी गिर्यारोहकांचा जो तळ पडतो, तिथं झूराकान चौदा उन्हाळे स्वयंपाक करत होती. तळावर सगळे तिला मानानं आपा म्हणत. या खेपेला तिची मुलगी बुरुल पहिल्यांदाच मुख्य वाटाड्या म्हणून दोन पाहुण्यांना घेऊन शिखराकडे निघाली. निघताना तिनं उभ्याउभ्याच नानाची कड तोडली, “आई, मीठ कमी पडलंय गं,” म्हणाली आणि गेलीसुद्धा. झूराकाननं उरलेला नान पांढऱ्या फडक्यात बांधला आणि स्वयंपाकाच्या तंबूतल्या लाकडी जाळीला टांगला.

पाचव्या दिवशी सागिनबेक आला. बिश्केकच्या कचेऱ्यांतल्या लोकांना उमेद देणं हा त्याचा धंदा होता. एका बँकेची अकरा माणसं तो बसमध्ये घालून घेऊन आला होता. तळाच्या वर तो स्वतः कधी गेला नव्हता, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

“पर्वत काय शिकवतो?” संध्याकाळी त्यानं सगळ्यांना विचारलं. “संयम! आणि काय शिकवतो? संधी दिसली की झडप घाल!”

“मग सर, आधी थांबायचं की आधी झडप घालायची?” एका रोखपाल बाईंनी विचारलं.

“ते पर्वत ठरवतो,” सागिनबेक म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला सडकून भूक लागली. झूराकान नमाजाला बसली होती. तंबूत चूल पेटलेली, चहा तयार, वाडग्यात साय, आणि समोर फडक्यात बांधलेला नान. त्यानं झडप घातली.

झूराकान आत आली तेव्हा तो फडक्यावरचे कण वेचत होता. “आपा, नान जरा वातड होता हां, पण साय काय झकास!”

ती पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. “भाऊ, एका बाजूनं चावलेला होता तो. दिसलं नाही?”

“दिसलं ना. म्हटलं, उंदीर असेल. डोंगरात आल्यावर नखरे करून कसं चालेल?”

“उंदीर नव्हता. माझी लेक होती. ती वर आहे.”

सागिनबेकचा हात तोंडाशीच थांबला. शहरात राहिला म्हणून काय झालं? तो सैन्यात गेला तेव्हा त्याच्या आईनंही असाच नान दोन वर्षं भिंतीला टांगला होता. “आपा... आपण दुसरा भाजू. लगेच भाजू.”

“आणि चावेल कोण?” झूराकान हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच लागे.

मग मेलिस आकेंना बोलावणं गेलं. ते तळावरच्या घोड्यांचे मालक; थोरल्या भावाला म्हणावं तसं सगळे त्यांना आके म्हणत. तरुणपणी थंडीनं झडलेली पायाची दोन बोटं शिखरावरच ठेवून आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांनी सागिनबेककडे नीट पाहिलं, त्याच्या पोटाकडे जास्त नीट पाहिलं आणि निवाडा दिला.

“नान हरवलाय कुठं? जागा बदललीय नुसती. काल जाळीवर होता, आज ह्यांच्या आत आहे. पोरगी येईपर्यंत नान तळावरून हलता कामा नये. बास.”

“पण आके, मी...”

“तुमचं काय? आम्ही नानाबद्दल बोलतोय.”

“उद्या ओशला माझं व्याख्यान आहे हो!”

दुपारी बस निघाली. सागिनबेकनं खिडकीतून शेवटची आर्जवं केली. रोखपाल बाईंनी मान बाहेर काढली. “सर, पर्वत संयम शिकवतो,” त्या म्हणाल्या आणि बस दिसेनाशी होईपर्यंत मनापासून हात हलवत राहिल्या.

तेव्हापासून घोडेवाल्यांनी नानाची व्यवस्था हातात घेतली. सागिनबेक गवतावर टेकला की कुणीतरी धावत स्टूल आणून देई. जमिनीवर नान ठेवत नाहीत. जेवून तो जरा पालथा पडला, तर एकानं गदागदा हलवलं. “साहेब, उताणे व्हा बघू.” ऊन चढलं, तेव्हा नान वाळू नये म्हणून त्याच्या डोक्यावर ओलं फडकं घालण्यात आलं. फडकं घेऊन स्टुलावर बसलेला सागिनबेक पाहून इतर तुकड्यांतले परदेशी गिर्यारोहक फोटो काढू लागले.

“आपा, हसतायत सगळे मला,” तो कुरकुरला.

“हसू द्या, भाऊ. तुम्हाला कुठं हसतायत? नानाला हसतायत.”

तिसऱ्या दिवशी वर हवा बिघडली. तिसऱ्या मुक्कामावरून वायरलेसवर बुरुलचा आवाज आला, “वादळ आहे. तंबूतच बसलोय.” पुढचं काही ऐकू आलं नाही. पुढचा अख्खा दिवस वायरलेस नुसता खरखरत राहिला. फोटो काढणारे आपापल्या तंबूत गेले. घोडेवाल्यांची चेष्टाही थांबली. सागिनबेक मात्र कुणी न सांगता स्टुलावर बसून होता. पर्वत काय शिकवतो हे त्यानं दिवसभरात एकदाही सांगितलं नाही. संध्याकाळी तो स्टूल उचलून चुलीपाशी आला आणि झूराकानबरोबर बटाटे सोलू लागला.

“आपा, याआधी असं कधी झालंय? म्हणजे, नान कुणी खाऊन टाकला असं?”

“नाही. राहिलेला आहे एक.” तिनं बटाट्याचा डोळा सुरीनं कोरून काढला. “घरी पेटीत. बुरुलच्या वडिलांचा. एकोणीस वर्षं झाली. दगड झालाय नुसता.”

सागिनबेकची सुरी थांबली. “म्हणजे नान नीट ठेवूनसुद्धा...”

“नान कुणाला आणत नाही रे. आणणारा अल्लाह. खाली आपलं काहीतरी अर्धं ठेवलंय, एवढं वर गेलेल्या माणसाच्या ध्यानात राहतं. त्यानं पाय जपून पडतो.” पहिल्यांदाच तिनं त्याला अरे म्हटलं होतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानं पुढचा बटाटा उचलला. “आपा, तिचा नान तिला मिळेल. माझा शब्द.”

पुढच्या दिवशी दुपारी वायरलेस बोलला. वादळाच्या आदल्या दिवशीच, शिखर दोनशे मीटरवर असताना, एका पाहुण्याची बोटं काळी पडू लागली म्हणून बुरुलनं सगळ्यांना मागे फिरवलं होतं. दोघेही पाहुणे सुखरूप. तिचा स्वतःचा घोटा मुरगळला होता. ती पहिल्या मुक्कामापर्यंत उतरली होती. तिथून खिंड ओलांडली की तळ. सकाळी घोडा पाठवा, म्हणाली.

“आई, शिखर राहिलं गं,” तिचा आवाज बारीक झाला. “माझा नान आहे ना?”

सगळ्यांनी झूराकानकडे पाहिलं. ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती.

“आहे.”

“नीट ठेवलायस?”

“तीन वेळा जेवतो. नीट आहे.”

“काय?”

वायरलेस खरखरला आणि बंद पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच झूराकान डोक्यावरच्या रुमालाआड हसली, आणि मग तिथंच बसून रडली.

सकाळी मेलिस आके घोड्यावर खोगीर चढवायला उठले. तंबूबाहेर स्टूल रिकामं, वर घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली. ते तसेच ओरडत आले, “आपा! नान पळाला! सांगत होतो ना, शहरी माणूस!”

झूराकान नमाज आटोपून उठत होती. ती तंबूच्या दाराशी आली. ओशकडे उतरणारा रस्ता लांबवर मोकळा पडला होता. तिनं मान वळवली. खिंडीकडे चढणाऱ्या पायवाटेवर शहरी कोट घातलेला एक माणूस दिसत होता. तो वीसेक पावलं चालायचा, मग गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा.

“पळाला असता तर खाली गेला असता, आके,” ती म्हणाली.

मेलिस आकेंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग खोगीर कसायला ते गडबडीनं मागे वळले. वर सागिनबेकनं कमरेला हात लावून जरा दम घेतला, खिंडीकडे पाहिलं, आणि पुढचं पाऊल टाकलं.