एक रुपया वाढवून द्या

जळगावच्या पिंप्राळ्यातले छायाचित्रकार प्रेमराज यांना कुठल्याही वस्तूची किंमत ऐकली की आधी संशय येई, आणि वस्तू कोणती हे ते मागाहून विचारत. लग्नाचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा होता आणि संशय घेणं ही समाजसेवा. जळगावात कोणाला ऑनलाइन कॅमेरा, ट्रायपॉड, अगदी कॅमेऱ्याची पिशवी जरी घ्यायची असली तरी तो आधी मोबाइल प्रेमराजांपुढे धरी. ते चष्मा कपाळावर चढवून पडदा न्याहाळत आणि निकाल देत, "लबाड आहे." कशावरून, असं विचारलं तर म्हणत, "आतून आवाज येतो."

हा आतला आवाज कागदावर यावा असं खान्देश छायाचित्रकार मंडळाला वाटलं. मंडळाने रीतसर ठराव करून 'किंमत-संशय परीक्षण समिती' नेमली. अध्यक्ष प्रेमराज, सचिव जीवराम. जीवरामांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. दिवसभर लोकांना "हसू नका" सांगून सांगून त्यांचा स्वतःचा चेहरा सचिवपदाला साजेसा झाला होता. समितीने चार बैठका आणि बरीचशी शेवभाजी संपवून एक तक्ता तयार केला. वीस टक्क्यांपर्यंतची सूट 'स्नेहपूर्ण', चाळीसपर्यंतची 'उत्साहवर्धक', साठपर्यंतची 'विचारणीय' आणि नव्वदपर्यंतची 'संशयास्पद'. मुळीच सूट न देणाऱ्या दुकानदारासाठी तळाशी टीप होती: 'हेतूबद्दल शंका घ्यावी.' तक्ता लॅमिनेट होऊन स्टुडिओंच्या भिंतींवर लागला आणि जिल्हा निर्धास्त झाला.

अशात पिंपळनेरचे निंबाआप्पा आपल्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर घेऊन आले. त्यांनी कुठल्या तरी लग्नातला एक फोटो मोबाइलमध्ये आणला होता. नवरी लख्ख, आणि तिच्यामागचा सगळा मांडव लोण्यासारखा विरघळलेला.

"भाऊ, मले अस्साच फोटू पाहिजे. पोर चमकाले पाहिजे आन मांगलं बठ्ठं धुसर. जमी का?"

"जमेल की, आप्पा," प्रेमराज म्हणाले. जमणार नव्हतं. त्यासाठी लागणारी मोठी लेन्स त्यांच्याकडे नव्हती आणि लग्न बारा दिवसांवर होतं.

धुळ्याला जब्बारभाईंचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. प्रेमराजांनी त्यांना फोन लावला.

"एक लाख साठ हजार. पक्कं बिल, दोन वर्षांची वॉरंटी," जब्बारभाई म्हणाले.

"काही कमी?"

"कमी करायला आधी जास्त सांगावं लागतं, प्रेमराजभाऊ. मी सांगतच नाही."

प्रेमराजांनी फोन ठेवला आणि तक्त्याच्या तळाची टीप पुन्हा वाचली. सूट शून्य, म्हणजे हेतूबद्दल शंका. इतक्या वर्षांची ओळख, पण नियम तो नियम.

मग त्यांनी ऑनलाइन शोध घेतला, तेव्हा तीच लेन्स एका वेबसाइटवर अकरा हजार नऊशे नव्व्याण्णवला दिसली. आतून इतका मोठा आवाज आला की शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेली त्यांची बायको मेघा हिनेही वर पाहिलं. पण तक्त्यात पाहतात तो पंचाईत. सूट साडेब्याण्णव टक्के होती, आणि तक्ता नव्वदला संपत होता. एवढी लबाडी कोणी करील अशी कल्पनाच समितीने केली नव्हती.

सचिवांना पाचारण झालं. जीवरामांनी तक्ता दोनदा वाचला.

"अध्यक्ष, नव्वदच्या पुढे तरतूदच नाही. आणि तरतूद नसताना विक्रेत्याला लबाड ठरवलं तर तो समितीचा मनमानी कारभार होईल."

"मग?"

"त्याच्याकडून खुलासा मागवा."

प्रेमराजांनी विक्रेत्याला संदेश धाडला: 'आपण दर्शवलेली किंमत अवाजवी कमी असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबत खुलासा करावा.' पाचच मिनिटांत फोन आला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता.

"सर, किंमत कमी वाटतेय का?"

"फारच कमी. विश्वास बसत नाही."

"सॉरी सर. किती केली म्हणजे विश्वास बसेल?"

आजवर असा प्रश्न प्रेमराजांना कुठल्याही दुकानदाराने विचारला नव्हता. त्यांनी तक्ता समोर ठेवून समजावलं, की चाळीस टक्क्यांपर्यंतची सूट असेल तर समितीची हरकत राहत नाही.

"मग पंच्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव करूया का, सर?"

जीवरामांनी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि मान हलवली. प्रेमराज फोनवर म्हणाले, "नाही हो. चाळीसच्या वर केसभर जातंय. 'विचारणीय'मध्ये पडतंय. एक रुपया वाढवून द्या."

"बाकी कोणासाठी वाढवला नसता, सर. तुमच्यासाठी वाढवतो."

माणूस सचोटीचा होता याबद्दल आता शंका उरली नाही. शहाण्णव हजार. एवढ्या महाग वस्तूत लबाडी कशी असेल? सगळी रक्कम आगाऊ लागेल, असं त्याने सांगितलं तेव्हा जीवराम म्हणाले, "बरोबर आहे, तोही आपल्यावर संशय घेणारच. जागरूक दिसतो." निंबाआप्पांनी दिलेली बयाण्याची रक्कम आणि मेघाने स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी साठवलेले पैसे एकत्र करून प्रेमराजांनी व्यवहार पूर्ण केला. समितीने इतिवृत्तात नोंद केली: 'अध्यक्षांनी किंमत वाढवून घेऊन संशयाचे यशस्वी निवारण केले.'

खोकं लग्नाच्या आदल्या दिवशी आलं. आत लेन्सच होती. काळीभोर, वजनदार, वर आकडे कोरलेले. प्रेमराजांनी ती कॅमेऱ्याला लावायला घेतली, पण बसेना. मेघाने ती हातात घेऊन पुढचं झाकण फिरवलं, आत डोकावलं आणि बोट आत घालून पाहिलं.

"अहो, हा थर्मास आहे."

मग मेघाला रडू फुटलं. "अकरा हजारात होता तेव्हाच घ्यायचा होतात! फसायचंच होतं तर निदान स्वस्तात फसलो असतो!"

प्रेमराज तडक ग्राहक तक्रार स्वीकृती कक्षात गेले. तिथल्या कारकुनाने छापील अर्ज पुढे ओढला.

"खरेदीपूर्वी संशय आला होता का?"

"आला होता."

"मग काय केलंत?"

"किंमत वाढवून घेतली."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. थोडा विचार करून तो म्हणाला, "जास्त किंमत घेतल्याच्या तक्रारी पलीकडच्या टेबलावर. पण तिथे गिऱ्हाइकाने कमी मागितल्याचा पुरावा लागतो. तुम्ही तर जास्त मागितलीत. या तक्रारीला टेबलच नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने प्रेमराज जुना कॅमेरा आणि नवा थर्मास घेऊन पिंपळनेरला निघाले. वाटेत धुळ्याला उतरून, दुकान उघडायच्या वेळी ते जब्बारभाईंच्या दारात उभे राहिले. थर्मासच्या आत कुठे खरी लेन्स दडली असेल, अशी एक वेडी आशा त्यांना होती. जब्बारभाईंनी थर्मास उलटासुलटा करून पाहिला.

"चांगला आहे. चहा तीन तास गरम राहील."

एवढं बोलून ते हसले मात्र नाहीत. काचेच्या कपाटातून त्यांनी तीच लेन्स, खरी, काढली आणि मऊ कपड्याने पुसून प्रेमराजांच्या हातात दिली.

"लग्न करून या. उद्या परत द्या."

"भाडं किती?"

"भाडं कसलं? कोणाच्या तरी मुलीचं लग्न आहे."

प्रेमराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता आतून एक बारीक आवाजही आला. पण गाडीची वेळ झाली होती.

फोटो अप्रतिम निघाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नवरी चमकत होती आणि मागचा मांडव, वऱ्हाड, सगळं विरघळलं होतं. निंबाआप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "मना भाऊबी धुसर व्हयी गया! पाच वरीसथून आम्ही बोलत नहीत. बेस काम करं, भाऊ!"

लेन्स परत देऊन प्रेमराज जळगावात पोचले आणि समितीची तातडीची बैठक बसली. पहिला विषय थर्मासचा. जीवरामांनी हिशेब मांडला: सूट बरोबर चाळीस टक्के, वर्गवारी 'उत्साहवर्धक', सबब किमतीच्या दृष्टीने व्यवहार निर्दोष. वस्तू काय निघाली हे समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं. प्रकरण निकाली निघालं.

दुसरा विषय जब्बारभाईंचा होता.

"दीड-पावणेदोन लाखांची वस्तू फुकट दिली," जीवराम म्हणाले. "म्हणजे शंभर टक्के सूट. अध्यक्ष, आजवरच्या इतिहासात एवढी सूट कोणी दिलेली नाही."

त्या सकाळचा मऊ कपडा प्रेमराजांना आठवला. मग त्यांनी खाली मान घालून जब्बारभाईंकडून खुलासा मागणाऱ्या नोटिशीवर सही केली.

नोटीस वाचून जब्बारभाईंना राग आला नाही. त्यांनी ती घडी करून गल्ल्यात ठेवली, दुकान तासभर बंद केलं आणि रंगाऱ्याला बोलावलं. संध्याकाळी काचेवर मोठ्या अक्षरांत लेन्सची किंमत आली: दोन लाख सहासष्ट हजार, त्यावर तांबडी फुली, आणि खाली एक लाख साठ हजार. आठवड्याभरात तीन लेन्स गेल्या. पहिली जीवरामांनी घेतली. पासपोर्ट फोटोत मागे काही धूसर करायचं नसतं, पण 'उत्साहवर्धक' सूट मिळतेय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. प्रेमराजांनी दुकानात जाऊन काचेवरच्या किमतीची पाहणी केली आणि आतून कसलाच आवाज येत नसल्याचं प्रमाणपत्र समितीच्या शिक्क्यानिशी दिलं.

"भाऊ, खरं सांगू का," प्रमाणपत्र भिंतीला लावताना जब्बारभाई म्हणाले, "दोन लाख सहासष्ट हजाराला ही लेन्स जगात कोणी विकत नाही."

"ते आम्हाला काय करायचंय?" प्रेमराज म्हणाले. "आम्ही फुली बघतो."

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर चांगलंच आहे. फक्त एक सांगा. तुमच्या हातातला मोबाइल घेतलात, त्या दिवशी खोडलेली किंमत किती होती, ती तुम्हाला अजून तोंडपाठ आहे ना? त्या किमतीला तो घेतलेला एक तरी माणूस तुम्ही पाहिला आहे का?