मेश्राम काकाजींचं पाणी

मुलगी पाहायला गेल्यावर लोक मुलीकडे बघतात. आमचे शेजारी मेश्राम काकाजी तिनं आणलेल्या पाण्याकडे बघतात. खिशातून कागदाची पट्टी काढतात, ग्लासात बुडवतात आणि रंग बदलायची वाट पाहत बसतात. माझ्या भाच्यासाठी काटोलला स्थळ पाहायला गेलो, तेव्हा दुर्बुद्धी सुचली आणि त्यांना सोबत नेलं. पट्टी गुलाबी झाली.

"पोरगी चांगली आहे," काकाजी भर बैठकीत म्हणाले, "पाणी बाद आहे. नायट्रेट."

मुलीचे वडील संत्र्याचे बागायतदार, पाणी बागेतल्या विहिरीचं. ते भडकले. "आमच्या बापजाद्यायनं हेच पाणी पेलं!"

"कायनं गेले ते?" काकाजींनी अगदी आस्थेनं विचारलं.

स्थळ हुकलं. भाचा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

काकाजी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. गुलाबी कितपत गुलाबी, यावर ते तासभर बोलू शकतात. "रंग नाही, वास नाही, मंग वळखता कसं?" हे त्यांचं पालुपद. एका लग्नात त्यांनी थंड पाण्याच्या कॅनमध्ये पट्टी घातली.

"काकाजी, फिल्टरचं आहे," कॅनवाला म्हणाला.

"तो फिल्टर कोनं पाह्यला?"

लोक हसले आणि तेच पाणी गटागटा प्यायले. पाणी गार असलं की आपल्याला बाकीच्या चौकश्या नको असतात. लकडगंजच्या आमच्या गल्लीत आता काकाजींना कोणी पाणी विचारत नाही.

गंमत म्हणजे गल्लीतली पहिली बोअर याच माणसानं मारली. नळ गेला की सगळे त्यांच्या अंगणात. "साखरेवानी पाणी आहे, न्या!" असं काकाजी ओरडून सांगत आणि काकू हसतमुखानं हातपंप मारत. मग काकूंना पोटाचा कॅन्सर झाला. त्या गेल्यावर काकाजींनी पाणी तपासायला दिलं. पिण्यास अयोग्य निघालं, नायट्रेट भरमसाट. आजूबाजूच्या संडासांच्या टाक्या जमिनीत झिरपत होत्या. आजूबाजूच्या म्हणजे आमच्याच.

"यानंच झाला का तिले?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, शंका घेता येते, एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. काकाजींनी पंपावर वळणदार अक्षरात 'पिऊ नये' असं रंगवलं आणि पट्ट्या घेऊन गावभर हिंडू लागले. आम्ही त्यांना वेडे म्हणालो. तेवढं आम्हाला छान जमतं.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. अंगणात काकाजी एका हातानं पंप मारत होते आणि दुसऱ्या हाताच्या पशात पाणी धरून पीत होते.

"काकाजी, काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडलो.

"रोजच पितो गा," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टर सांगत नाही, लॅबवाला सांगत नाही. मंग मीच पिऊन पाहून राहिलो. मले झाला, तर समजन का मीच पाजलं तिले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आन् नाही झाला तर?"

काकाजींनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग डोळे पुसले.

"मंग अजून प्या लागन," ते म्हणाले आणि पंपाचा दांडा पुन्हा खाली ओढला.