पोह्यांच्या दिवशीचा फोकस

मिरजेच्या इकबाल मुजावरांच्या जुन्या लेन्सची कडी फिरवली की अंतर नव्हे, काळ फोकस होई. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. मुजावरांनी नवा ऑटोफोकस कॅमेराही घेतला होता, पण तो बिचारा चेहरा दिसला रे दिसला की थेट आजच्या दिवसावर जाऊन बसे. जुन्या दिवसांसाठी कडी हातानंच फिरवावी लागे. त्यात त्या लेन्सचं तोंड भलतंच मोठं उघडणारं. एक क्षण तेवढा स्वच्छ येई, मागचंपुढचं सगळं धुरकट. म्हणून स्टुडिओत पाटी होती : 'जोडप्यांनी कोणता क्षण ते घरीच ठरवून यावे.'

नलिनीबाई तेरदाळकर ठरवूनच आल्या होत्या.

"कांदेपोह्यांचा दिवस लावा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला बघितलंच नव्हतं. आईनं हो म्हटलं म्हणून ह्यांनी हो म्हटलं. जन्मभर विचारतेय."

"अगं, बघितलं होतं," वामनराव म्हणाले.

"पोह्यांतले दाणे बघितले असतील."

दोघं शेजारी शेजारी बसले. इकबालभाईंनी डोळा लावून कडी मागे फिरवली. काचेत वामनरावांना केस आले, मिशी आली, गेली. मग त्यांची खुर्ची रिकामी झाली.

"फार मागे गेलो, वहिनी. साहेब अजून जमखंडीला घरीच आहेत."



"आणा त्यांना," नलिनीबाई म्हणाल्या.

कडी केसभर पुढे सरकली.

"आले. पोहे खातायत."

"बघा! मी काय म्हणत होते?"

"थांबा, वहिनी." आणखी केसभर. "आता बघतायत. तुमच्याकडेच. घास हातातच राहिलाय."

आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटोत वामनराव तोंड उघडं टाकून बघत होते. शेजारी ताईची मागून आणलेली साडी नेसून नलिनीबाई, मान खाली, नजर ट्रेवर. त्यांना भरून आलं. इतकी वर्षं या माणसाला उगाच टोचून बोललो आपण.

"यात मला मान वर करता येईल का हो?"

"तेवढं कडीच्या हातात नाही, वहिनी."

त्यांनी फोटो बाजूला ठेवला. मग पदर सारखा केला.

"तर मग आजचा एक काढा. त्या ऑटोवर."

इकबालभाईंनी नवा कॅमेरा आणला. वामनराव ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघू लागले.

"तिकडे काय बघताय?" नलिनीबाई म्हणाल्या. "मी केलीय मान वर."