आत्तार सर आणि बेचाळीसचं जेवण

आत्तार सर कुणाही म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदा भेटले, की नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारतात, "बेचाळीस साली जेवायला काय असायचं तुमच्यात?"

लग्नात विचारतात, दवाखान्यात विचारतात. माझ्या मावससासऱ्यांच्या मयतीला आले आणि कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला विचारलं. मी तिथल्या तिथं सरांना बाहेर घेतलं. म्हटलं, "सर, माणूस गेलंय हितं! काय जनाची, मनाची?" तर म्हणतात, "म्हणूनच की, सिस्टर. दुसरं जायच्या आत विचारून घ्यायला पायजे."

सिस्टर म्हणजे मी. सरकारी दवाखान्यात नर्स होते. रिटायर झाले तरी गल्लीला मी सिस्टरच. सर आमच्या समोर राहतात. हायस्कूलला इतिहास शिकवायचे. बायको वारली, लेक लग्न होऊन बेळगावला गेली आणि सरांनी हे संशोधन मागं लावून घेतलं. बेचाळीसच्या चळवळीत लहान लहान जमातींनी काय केलं? गाद्या भरणारे पिंजारी, धार लावणारे शिकलगार, बुट्ट्या विणणारे कैकाडी. "भाषणं ठोकणाऱ्यांची नावं चौकाचौकात लागली, सिस्टर. पण पोलीस मागं लागल्यावर त्यास्नी दडवलं कुणी? ज्याच्या घराला धड दार न्हवतं त्यानं! त्याचं नाव कुठं हाय?" हे ते भर रस्त्यात, हात वर करून विचारतात. एकदा त्या हाताला रिक्षा थांबली होती.

जेवणाचं मात्र त्यांचं शास्त्र आहे बरं का. सर म्हणतात, माणूस पराक्रमाचं खोटं बोलायला तयारच बसलेला असतो, पण जेवणाचं खोटं बोलायचं त्याच्या ध्यानात येत नाही. कोडोलीला एका आजोबांनी आम्हाला तासभर सांगितलं, तारा कशा तोडल्या, पोलिसांना कसा गुंगारा दिला. मी तर तोंड उघडं टाकून ऐकत होते. सरांनी हळूच विचारलं, "मग त्या रात्री जेवला काय?" आजोबा म्हणाले, "पावभाजी!" सरांनी पेनाला टोपण लावलं आणि आलेला चहासुद्धा न घेता उठले. मी घेतला. त्यात चहाचा काय दोष?

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे 'पुरावा'. दुधवाला म्हणाला, आजचं ताजं हाय, तर "पुरावा काय?" शेवटी दुधवाल्यानंच हात जोडले आणि सरांना दूधकट्ट्यावर पाठवलं. तिथं डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून पेला हातात देतात. तोंडाला फेस लागलेले सर मला म्हणाले, "ह्येला म्हणतात पुरावा!"

सरांना गाडी येत नाही. त्यामुळं त्यांच्या संशोधनाची ड्रायव्हर मी. मी स्कूटर चालवायची, त्यांनी मागं पिशवी कवटाळून बसायचं आणि प्रत्येक खड्ड्याला "या अल्ला" म्हणायचं. माझा दुसरा उपयोग असा, की सरांना बघून म्हाताऱ्या दार लावून घेतात, पण माझ्या हातात बीपीचं मशीन दिसलं की दंड पुढं करतात.

पुस्तक बरंचसं लिहून झालं. अडलं होतं पिंजाऱ्यांचं प्रकरण. हातकणंगल्याच्या बाजूच्या एका खेड्यात एका पिंजाऱ्यानं भूमिगत कार्यकर्त्याला कापसाच्या ढिगात लपवलं होतं, एवढं सरांच्या कानावर होतं. कागद मात्र एक सापडला नव्हता. सगळी दप्तरं धुंडाळून झाली. उरली होती फक्त त्या पिंजाऱ्याची लेक हमीदाबी, नव्वदीच्या पुढची. "ती बोलली तर ह्या लोकांचं नाव लागंल, सिस्टर. न बोलता गेली, तर कायमचं गेलं."

आम्ही गेलो. हमीदाबी म्हणजे मूठभर बाई, पण तोंड कसलं खणखणीत! मला बघून म्हणाली, "या पावणं, सुई न्हाय न्हवं आणली?" बीपी उत्तम. गप्पा रंगल्या. गादीत कापूस किती घालायचा, आताच्या फोमच्या गाद्यांवर कमरा कशा जातात, सगळं झालं. मग सरांनी आपलं ठेवणीतलं काढलं, "आजी, ते पावणं घरात लपले हुते, त्या दिवशी जेवायला काय केलतं?"

हमीदाबी भिंतीकडं तोंड करून आडवीच झाली.

दुसऱ्या खेपेला तेच. मी मशीन लावूनच बसले होते. प्रश्न आला आणि आकडा जो चढला, मी सरांवर खेकसले, "पुरे! तुमचं पुस्तक व्हायचं आणि म्हातारी जायची!" सर खरोखरच घाबरले. हमीदाबीच्या सुनेनं डोळ्यांनीच सांगितलं, आता येऊ नका.

पण नंतर निरोप आला हमीदाबीचाच. सरास्नी बोलवा.

ती उठून बसली होती. सुनेला बाहेर घालवलं. सरांनी रेकॉर्डर काढला, तशी म्हणाली, "ते बंद कर." सरांनी केला. मग तिनं सांगितलं. ती लहान होती, परकर नेसायच्या वयाची. फौजदार दारात आला, घर बघून परत निघाला होता. जाता जाता तिला बोलावलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि लाडानं विचारलं, "बाळ, आज जेवायला काय केलतं?"

"मी म्हनलं, कोंबडी." हमीदाबीचा आवाज बारीक झाला. "आमच्यात कोंबडी सनाला बी हुईत न्हवती रं. मला कोण कौतुक! म्हनलं, पावणं आल्यात न्हवं, म्हनून आईनं कोंबडी केलीया."

फौजदार मागं वळला. कापूस उपसला. पाहुण्याला धरलं, बापाला धरलं. बाप सुटून आला तो कमरेतून वाकूनच. "मी सांगितलं हे त्येला ठावं हुतं का न्हाय, मला म्हाईत न्हाय. त्येनं कधी इचारलं न्हाय. मी कधी सांगितलं न्हाय. मालकाला न्हाय, पोरांस्नी न्हाय. आन् तू येतोस आन् त्येच इचारतोस."

आयुष्यभर पेशंटची रडारड बघितलेली बाई मी, पण मशीनचा पट्टा उगाच गुंडाळत बसले. सरांकडं बघितलं, तर ते पांढरे पडलेले. ज्या प्रश्नाचा त्यांना एवढा अभिमान, तो त्यांच्या आधी त्या फौजदारानं विचारून ठेवला होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि मास्तरकीच्या खड्या आवाजात म्हणाले, "आजी, तुमचा काय संबंध? फौजदाराला आदल्या दिवशीच खबर लागलीती. गावातल्याच एकानं दिलीती. तो कापूस उपसायलाच आलता. तुम्ही काय सांगितलं असतं तरी उपसलाच असता."

"कशावरनं?"

"कागद हाय! सरकारी. ह्या डोळ्यांनी वाचलाय मी."

"कोण त्यो मुडदा?"

"नाव खाडाखोडीत गेलंय," सर म्हणाले.

हमीदाबी मग पदर तोंडाला लावून अशी रडली, अशी रडली, की सून धावत आली. मी दंड धरून बसले होते. मशीन लावायची गरज नव्हती, हाताखाली नाडी शांत होत गेलेली मला कळत होती.

येताना सरांनी एकाही खड्ड्याला अल्लाला हाक मारली नाही. शिरोलीजवळ मी गाडी बाजूला घेतली. "सर, कुठल्या दप्तरात मिळाला हो कागद?"

"गाडी मारा, सिस्टर," ते म्हणाले. "उशीर हुतोय." कसला उशीर? घरी वाट बघायला त्यांचं कोण होतं?

पुस्तक निघालं. एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हमीदाबी सुनेबरोबर आली, नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत माझ्या शेजारी. भाषणं झाली आणि एक तरुण प्राध्यापक उठला. "सर, पिंजारी समाजाचं प्रकरण तुम्ही दीड पानात उरकलंय. एकही घटना नाही. त्यांच्यावर हा अन्यायच नाही का? पुरावे शोधलेच नाहीत का?"

मी पदर खोचला. म्हटलं, आता ह्या पोराचं काही खरं नाही. सर उभे राहिले. पहिल्या रांगेकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "माझा अभ्यास कमी पडला."

आणि खाली बसले. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं उठावं आणि सगळं सांगून टाकावं. तेवढ्यात हमीदाबीनं मला कोपरानं ढोसलं.

"काय म्हनतंय गं ते पोरगं आमच्या सराला?"

"म्हणतंय, अभ्यास कमी पडला."

"कुणाचा, ह्यांचा?" म्हातारी काठी टेकून उभीच राहिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या प्राध्यापकाला म्हणाली, "ए बाबा, गप बस! सरकारचं कागद वाचल्यालं मानूस हाय ते!"

हॉल खो खो हसला. प्राध्यापकही हसला. सर तेवढे मान खाली घालून, रुमालात तोंड लपवून बसले होते.