सुंदराकाकूंच्या मापाची खुर्ची

सुंदराकाकू माणसांशी कधी भांडल्या नाहीत. त्या वस्तूंशी भांडायच्या.

आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळं सकाळी मला जाग यायची तीच काकूंच्या आवाजानं. "कावून गं, राती तर धड व्हतीस, आता काय झालं?" हे चुलीला. "लाज न्हाई वाटत का रे, सगळं गाव तुझ्या तोंडाकडं बघतंय!" हे हापशाला, कारण साल दुष्काळाचं होतं आणि हापसा नुसता खाकरायचा. टँकरवर एखादीनं आपली घागर मधेच घुसवली तर काकू त्या बाईला एक शब्द बोलायच्या नाहीत. घागरीला म्हणायच्या, "बाई, तुला लईच घाई दिसती." बाई निमूट घागर मागं घ्यायची.

आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडं. काकू आणि त्यांचे मालक ज्ञानोबाकाका, दोघंही दरसाल उसतोडीला जाणारे. एका हंगामात घरी परतताना ट्रॉली उलटली. काका खरचटण्यावर निभावले. काकूंची कमरेखालची जाणीवच गेली. कोयता चालवून कमावलेले हात तेवढे शाबूत राहिले. दवाखान्यातून आणून बाजेवर बसवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर स्वतःच्या पायांना झापलं. "इतकी वर्सं संगं फिरवलं तुमाला, आन् ऐन वक्ताला दगा दिला व्हय?" रडायला गेलेले आम्ही तोंडाला पदर आणि उपरणं लावून हसत बाहेर पडलो.

मी गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. काकूंची म्हैस ही संस्थेची सगळ्यात जुनी सभासद आहे, असं आमचे चेअरमन म्हणायचे. त्यांनीच कुठूनशी एक चाकाची खुर्ची मिळवली. मग मंडप झाला, हार झाले, भाषण झालं. फोटोसाठी चेअरमननी तीनतीनदा टोपी नीट केली. फक्त काकूंचं माप घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खुर्ची एवढी रुंद, की शेजारी आणखी एक बाई पान लावत बसली असती. पाय खालच्या फळीला टेकत नव्हते. पोत्याच्या तळाशी एकच कांदा उरावा तशा काकू तिच्यात दिसत होत्या.

"कशी वाटती, काकू?" चेअरमननी विचारलं.

"लई चांगली हाय," काकू म्हणाल्या. फोटोवाला गेल्यावर मात्र खुर्चीकडं वळून म्हणाल्या, "ना म्या तुला बघितलं, ना तू मला. लोकांनी लगीन लावून दिलं. आता नांदायचं."

आणि त्या नांदल्या. दोन्हीकडून उशा कोंबल्या, फळीवर एक पाट बांधला, एका अंगावर कलून चाकं फिरवत दूध घालायला येऊ लागल्या. मांडीवर किटली आणि तोंडानं खुर्चीचा उद्धार.

भर उन्हाळ्यात एका दुपारी ज्ञानोबाकाका माझ्या दारात आले. "जरा येता का? हिच्या उशीला डाग पडलाय." कलून बसून बसून काकूंना बैठकीच्या हाडापाशी जखम झाली होती, चांगली खोल. तिथं जाणीवच नाही, मग दुखणार कसं आणि कळणार कसं? दुधाच्या टेम्पोत गादी टाकून आम्ही त्यांना अंबाजोगाईला नेलं. जखमेतलं विष अंगात भिनायला लागलं होतं. उशीर केला असता तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. काका बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले ते बसलेच.

जखम भरेपर्यंत काकू पालथ्या. त्या दिवसांत त्यांचं सलाइनच्या खांबाशी चांगलंच वाजलं. तिथं व्यायाम करून घेणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी खुर्ची पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काकू, दुसऱ्याची चप्पल घातली तरी टाच सोलते. ही तर दिवसभर अंगाखाली!"

मी चेअरमनकडं गेलो. ते म्हणाले, "एकदा दिली ना खुर्ची?"

"साहेब, तुमचा सदरा म्हशीला घातला तर फोटो निघंल, पन गुंड्या लागत्याल का?"

ते आधी रागावले. मग हसले आणि मग संस्थेकडून दुसरी खुर्ची मंजूर झाली.

मॅडमनी टेप काढली. कंबर किती रुंद, मांडी किती लांब, गुडघ्यापासून टाच किती, पाठीला आधार कुठवर, सगळं मोजलं. काकू लाजून चूर. "लग्नातल्या चोळीला बी येवढी मापं घेतली न्हवती!" बगलेत टेप गेली तशी तिला दम भरला, "गुमान ऱ्हा गं."

नव्या खुर्चीत जाड गादी टाकली, फळी वर घेतली. काकू कितीतरी दिवसांनी सरळ बसल्या. एकदम उंच दिसायला लागल्या. काका बघतच राहिले, आणि मग उगीचच चहा आणायला म्हणून बाहेर गेले.

ते गेल्यावर काकूंनी मॅडमना जवळ बोलावलं. "मागच्या मुठी जरा खाली घ्या की."

"कशाला? तुम्ही तर स्वतःच झकास चालवता."

काकूंनी दाराकडं एक नजर टाकली. "त्यांचे गुडघे गेलेत. कवा मोरीत पडतेत, कवा रस्त्यात. काठी घ्या म्हनलं तर म्हनतेत, मी काय म्हातारा हाय? पन मला ढकला म्हनलं तर न्हाई म्हननार न्हाईत. तेवढंच धराया व्हईल."

काका चहा घेऊन आले तेव्हा मॅडमनी त्यांना खुर्चीमागं उभं केलं आणि त्यांच्या हाताला बेतून मुठी पक्क्या केल्या.

आता रोज सकाळी दोघं मिळून दूध घालायला येतात. संस्थेच्या दारात चढ आहे. मी वर उभा राहून बघतो. मुठी घट्ट धरलेले ज्ञानोबाकाका, आणि पुढं काकूंचे हात चाकांवर, दंडाच्या शिरा तटतटलेल्या. काका ढकलत नसतात, ओढले जात असतात.

परवा वर पोचल्यावर काका कपाळाचा घाम पुसत, धापा टाकत मला म्हणाले, "सेक्रेटरी, मी नसतो तर हिचं कसं झालं असतं?"

काकूंनी तळहाताची धूळ पदराला पुसली.

"तेच की," त्या म्हणाल्या.